दहा सेंटचा अंक पेटीत कसा बंद झाला

माझ्या कपाटात मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा एक अंक आहे, वेताळाचा. मधलं पान उघडलं की दोन्ही पिनांभोवती गंजाचे तांबूस ठसे दिसतात. ही कोकणातल्या पावसाळ्यांची कामगिरी. मुखपृष्ठावर वाचनालयाचा गोल शिक्का आहे, कोपऱ्यात कुण्या मुलाने शाईने घातलेलं नाव आहे, आणि कण्यावरची सेलोटेप मधाच्या रंगाची होऊन सुटायला आली आहे. अमेरिकेतल्या परीक्षकाने या अंकाला दहापैकी दोन गुण दिले तरी मी त्याला उदार म्हणेन.

जुन्या कॉमिक्सचे असे गुण ठरतात, आणि त्या गुणांवर लाखो डॉलरचे व्यवहार होतात. ही पद्धत मूळची अमेरिकेची. तिचा उगम कलेच्या प्रेमापेक्षा टपालाने चालणाऱ्या खरेदी-विक्रीत जास्त आहे.

सुरुवात कागदापासून करायला हवी. १९३४ साली ‘फेमस फनीज’ हे दहा सेंटचं मासिक अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या ठेल्यांवर आलं आणि कॉमिक्सचा धंदा उभा राहिला. कागद वर्तमानपत्राचाच, म्हणजे लाकूड दळून केलेल्या लगद्याचा. त्यात लाकडातलं लिग्निन हे द्रव्य राहून जातं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, कागदात आम्ल तयार होतं, आणि काही दशकांत पान पापडासारखं मोडायला लागतं. प्रकाशकाला याची फिकीर असण्याचं कारण नव्हतं. अंक महिनाभर टिकला की झालं, पुढच्या महिन्यात नवा येणारच होता.

सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक जून १९३८चा. तो सुमारे दोन लाख प्रती छापला गेला, आणि त्यातल्या शंभरएक उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्यांचं काय झालं? बऱ्याचशा पोरांनी वाचून वाचून फाडल्या. दुसऱ्या महायुद्धात सरकारने रद्दी गोळा करायची मोहीम काढली, तेव्हा देशप्रेमापोटी मुलांनी आपले गठ्ठेच्या गठ्ठे दिले. पुढे कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड सुरू झाली. १९४८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर आणि न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन या गावांत कॉमिक्सची चक्क होळी झाली. १९५४ साली सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. या सगळ्यातून वाचलेलं आयांनी घर आवरताना बाहेर काढलं. आज जी किंमत मोजली जाते ती या नासधुशीची आहे. सगळ्यांनी अंक जपून ठेवले असते तर त्यांना कुणी विचारलंही नसतं.

साठच्या दशकात ही मुलं मोठी झाली, हातात पैसा आला आणि हरवलेले अंक शोधू लागली. डेट्रॉइटमध्ये राहणाऱ्या जेरी बेल्स या प्राध्यापकाने १९६१ साली ‘आल्टर ईगो’ हे हौशी नियतकालिक काढलं. अशा पत्रिकांमधून विक्रीच्या याद्या फिरू लागल्या. विकणारा ओरेगनमध्ये, घेणारा ओहायोमध्ये, आणि मध्ये फक्त पोस्ट. अंक न पाहताच पैसे पाठवायचे. मग यादीत अंकापुढे ‘मिंट’, ‘फाइन’, ‘गुड’ अशी विशेषणं यायला लागली आणि तंटेही सुरू झाले. एकाचं ‘फाइन’ म्हणजे दुसऱ्याच्या लेखी रद्दी.

‘मिंट’ हा शब्द आला नाण्यांच्या बाजारातून. मिंट म्हणजे टांकसाळ. तिथून नुकतं बाहेर पडलेलं, हात न लागलेलं नाणं ते मिंट. कॉमिक्स टांकसाळीच्या वाटेलाही गेलेलं नसतं, पण शब्द चिकटला तो चिकटलाच. नाणेवाल्यांकडे १९४९ पासून विल्यम शेल्डनची १ ते ७० अशी मोजपट्टी होती. तिच्यामागचा हिशेब गमतीचा होता: ७० गुणांचं नाणं १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. टेनेसीतला रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट हाही मूळचा नाणी जमवणारा. नाण्यांची दरसूची असते तशी कॉमिक्सची का नसावी, असं म्हणून त्याने १९७० साली ती काढली. प्रत्येक अंकापुढे गुड, फाइन आणि मिंट असे तीन रकाने. पुस्तक दरवर्षी निघू लागलं. दुकानदार त्याच्यावर बोट ठेवून भाव सांगत आणि गिऱ्हाईक त्याच्यावरच बोट ठेवून तो पाडत.

एखादा अंक किती चांगला राहू शकतो याची कल्पनाच लोकांना नव्हती. ती १९७७ साली आली. डेन्व्हरमध्ये एडगर चर्च नावाचा व्यावसायिक चित्रकार होता. चित्रांचे नमुने हवेत म्हणून तो वर्षानुवर्षं कॉमिक्स विकत घेत राहिला आणि घरात रचत गेला. वाचून हाताळलेले अंक त्यात जवळजवळ नव्हतेच. म्हातारपणी तो घर सोडून गेला, घर रिकामं करायचं ठरलं, आणि कोलोरॅडोतल्या ‘माइल हाय कॉमिक्स’च्या चक रोझान्स्की या तरुण दुकानदारापर्यंत बातमी पोचली. तिथे अठरा हजारांच्या वर अंक होते. गठ्ठे इतके दाबून रचलेले की आतल्या पानांना हवा लागली नव्हती. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, हवा कोरडी, कपाट अंधारं. चाळीस वर्षांपूर्वीचा कागद पांढराच राहिला होता. मुखपृष्ठांची शाई अशी चमकत होती की पाहणाऱ्यांना हे अंक नव्याने छापलेत की काय अशी शंका यावी.

रोझान्स्कीने सूचीतल्या दरापेक्षा जास्त पैसे मागितले. लोकांनी नाकं मुरडली आणि मग दिलेही. सूचीतला सर्वात वरचा रकानाच ठेंगणा ठरला. चर्चने काही अंकांवर पेन्सिलीने सांकेतिक अक्षरं लिहिली होती. एरवी मुखपृष्ठावरचं लिखाण म्हणजे खोट, पण इथे तीच अक्षरं अस्सलपणाची खूण झाली. घोड्याची वंशावळ सांगावी तसं कोणत्या संग्रहातून अंक आला हे सांगायची रीत यातूनच रुजली.

चर्चच्या कपाटाने जे फुकटात केलं ते बाकीच्यांना विकत घ्यावं लागलं. आधी साध्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. त्यातल्या काहींमधलं पीव्हीसी हे प्लास्टिक कालांतराने स्वतःच विघटित होतं आणि कागदाला खातं, हे उशिरा लक्षात आलं. मग पॉलिप्रॉपिलीन आलं, आणि ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी मायलार, म्हणजे पॉलिएस्टरची कडक, काचेसारखी स्वच्छ फिल्म. ती निष्क्रिय असते, कागदाशी तिची काही देवाणघेवाण होत नाही. अर्न्स्ट गर्बर याने मायलारची पाकिटं कॉमिक्सच्या मापात करून विकली. पाठीमागे पुठ्ठा घालतात, पण तोही आम्लरहित आणि कॅल्शियम कार्बोनेट मुरवलेला हवा. साधा पुठ्ठा पिशवीत बसून अंकालाच पिवळा करतो. असे अंक मग लांबट खोक्यात उभे लावायचे. आपल्याकडे पुस्तकांत डांबरगोळ्या टाकून कपाट बंद करायची सवय असलेल्यांना हे थाट वाटतील, पण आपलं कपाट दमट असतं आणि कसर कुणाला विचारून येत नाही.

नव्वदचं दशक मात्र हास्यास्पद झालं. जुने अंक हजारो डॉलरला जातात म्हटल्यावर लोक नवे अंक पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊ लागले, तेही न उघडता. १९९१ सालच्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या पाच मुखपृष्ठांत मिळून ऐंशी लाखांच्या आसपास प्रती खपल्या. १९९२ साली सुपरमॅन मेला तो अंक काळ्या सीलबंद पिशवीत आला, आणि पिशवी फोडणं म्हणजे किंमत घालवणं असं ठरलं. प्रत्येकानेच जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? भाव कोसळले, दुकानं बंद झाली, आणि १९९६च्या अखेरीस मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्यानंतर २००० साली सीजीसी ही कंपनी आली. नाणी तपासून पेटीत बंद करणाऱ्या कंपनीचीच ती बहीण. अंक त्यांच्याकडे पाठवायचा. एकाहून जास्त परीक्षक तो पाहतात, ०.५ ते १०.० अशा पंचवीस पायऱ्यांत गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा सील करतात. वर लेबल असतं: निळं म्हणजे जसाच्या तसा, जांभळं म्हणजे दुरुस्ती केलेला. या जांभळ्याने अनेकांची झोप उडवली. रंगाचा ठिपका भरणं, फाटलेलं चिकटवणं, कडा कातरणं ही कामं लोक आधी अभिमानाने करून घेत. आता तोच डाग ठरला.

लेबल आल्यावर अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबायचं कारण उरलं नाही. इंटरनेटवरचा लिलाव तेव्हा फोफावत होता, त्याला हेच हवं होतं. ‘ॲक्शन’च्या पहिल्या अंकाची ८.० गुणांची प्रत २०१० साली दहा लाख डॉलरला गेली, आणि ८.५ची २०२४ साली साठ लाखांना. स्पायडरमॅन ज्यात प्रथम आला त्या १९६२च्या अंकाची ९.६ची प्रत २०२१ साली छत्तीस लाखांना विकली गेली. ९.६ आणि ९.८ यांतला फरक मला भिंगातूनही दिसेल की नाही शंका आहे, पण बाजाराला दिसतो. आणि विश्वास एकदा पेटीवर बसला की लबाडीही पेटीवरच होते. २०२३च्या अखेरीस पेट्या उघडून आत हलका अंक सरकवल्याचे प्रकार उजेडात आले आणि कंपनीला संशयित क्रमांकांची यादी जाहीर करावी लागली.

भारतात हे लोण उशिरा आलं, आणि इथले पेच वेगळे आहेत. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४च्या मार्चमध्ये मुंबईहून सुरू केलेलं इंद्रजाल १९९० पर्यंत चाललं. त्यात १२३ आणि १२४ हे क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत, त्यामुळे ते शोधत बसणारा नवखा लगेच ओळखू येतो. अमर चित्र कथेत अनंत पै यांचा ‘कृष्ण’ हा ११ क्रमांकाचा आहे, कारण आधीचे दहा अंक म्हणजे पाश्चात्त्य परीकथा होत्या. शिवाय तेच अंक इतक्या वेळा पुन्हा छापले गेले की पहिली छपाई ओळखणं हीच खरी परीक्षा.

आणि आपल्याकडे बाइंडिंग होतं. सुट्टी लागली की वर्षभराचे अंक बाइंडरकडे द्यायचे, कापडी कण्याचा, पुठ्ठ्याचा जाडजूड खंड घरी आणायचा. अमेरिकी मोजपट्टीने हे सगळे अंक बाद: भोकं पाडलेली, तिन्ही कडा कातरलेल्या. असा एक खंड माझ्याकडेही आहे. शिवण्याआधी बाइंडरने सगळ्या पिना उपटून टाकल्या होत्या, त्यामुळे त्यातल्या मधल्या पानांवर गंजाचा एकही ठसा नाही.