पाच लिटरच्या नियमाने घडवलेल्या गाड्या

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरेजवळ, लागुना सेकाच्या ट्रॅकवर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या रेस भरतात. त्यातला एक गट दिसायच्या आधी ऐकू येतो: १९६६ ते १९७२ या काळातल्या कॅमारो, मस्टँग, जॅव्हेलिन, बाराकुडा. या सगळ्यांना आपण सरसकट मसल कार म्हणतो. पण बॉनेट उघडून माप विचारलं तर कोडं पडतं. मसल कारची ओळखच मुळी अवाढव्य इंजिन, आणि या गाड्या मात्र एकजात पाच लिटरच्या आतल्या. असं का, ते समजून घ्यायचं तर साठ वर्षं मागे जावं लागतं.

१९६३च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना रेसिंगमधून अंग काढून घ्यायला सांगितलं. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा (सुमारे ५.४ लिटर) मोठं इंजिन बसवायचं नाही, असाही कंपनीचा दंडक होता. पाँटिअ‍ॅक विभागात जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यातून वाट काढली. टेम्पेस्ट या साध्या गाडीला ३८९ घनइंचांचं इंजिन त्यांनी जास्तीचे पैसे भरून घ्यायचा पर्याय म्हणून दिलं आणि त्या पर्यायाला जीटीओ असं नाव ठेवलं. १९६४ या पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ खपल्या. मसल कारची लाट इथून उसळली. पण ही सरळ रस्त्यावरची, सिग्नल सुटल्यावर उधळायची ताकद होती. वळण घेण्याशी तिचा फारसा संबंध नव्हता.

त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डने मस्टँग बाजारात आणली. आटोपशीर, देखणी आणि २,३६८ डॉलरपासून मिळणारी. तिच्या यशामुळे अशा गाड्यांची वेगळी बाजारपेठच उभी राहिली, आणि स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाने १९६६ साली त्यांच्यासाठी ट्रान्स-अ‍ॅम मालिका सुरू केली. पहिली रेस २५ मार्चला सेब्रिंगला झाली आणि ती जिंकली योखेन रिंटने, लहान इंजिनांच्या गटातल्या अल्फा रोमिओवर! मोठ्या गटासाठी इंजिनाची मर्यादा पाच लिटर, म्हणजे ३०५ घनइंच ठेवलेली होती. गुण चालकाला मिळत नसत, कंपनीला मिळत. त्यामुळे ही लढत थेट डेट्रॉइटच्या, म्हणजे अमेरिकन मोटारउद्योगाच्या राजधानीतल्या, कंपन्यांमध्ये लागली.

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात सुंदर भाग इथेच आहे. कॅमारो बनवणाऱ्या शेव्हरोलेकडे, जनरल मोटर्सच्याच एका विभागाकडे, ३०५च्या आत बसेल असं जोरदार इंजिन नव्हतं. २८३ लहान पडत होतं, ३२७ मोठं. व्हिन्स पिगिन्सच्या पुढाकाराने ३२७च्या ब्लॉकमध्ये २८३चा क्रँकशाफ्ट बसवला गेला. बोअर (सिलिंडरची रुंदी) चार इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) तीन इंच, एकूण ३०२ घनइंच. स्ट्रोक आखूड असल्यामुळे इंजिनाचे फेरे झपाट्याने वर चढत, पण कमी वेगात ते मंदच वाटे. मालिकेच्या नियमांमुळे ते सामान्य गिऱ्हाइकालाही विकणं भाग होतं, म्हणून कॅमारोच्या पर्यायांच्या यादीत झेड२८ हा रूक्ष कोड दाखल झाला. ऑटोमॅटिक गिअर नाही, एसी नाही. १९६७ साली अशा फक्त ६०२ गाड्या बनल्या. फोर्डचं उत्तर, बॉस ३०२ मस्टँग, १९६९ साली आलं.

रॉजर पेन्स्केच्या संघातल्या मार्क डोनह्यूने १९६८च्या १३ पैकी १० रेस कॅमारोवर जिंकल्या. तो स्वतः इंजिनिअर होता. वजन घटवण्यासाठी या संघाने गाडीचा सांगाडा आम्लात बुडवून पत्रा पातळ केला होता. मग छपराला पडलेल्या सुरकुत्या झाकायला वर व्हाइनिलचं आवरण चढवलं. आज ती युक्ती त्या गाडीच्या इतिहासाचा भाग झाली आहे, आणि जाणकार तिच्याविषयी आदरानेच बोलतात.

१९७०चा हंगाम सगळ्यांत चुरशीचा. फोर्ड, शेव्हरोले, प्लिमथ, डॉज, अमेरिकन मोटर्स असे सगळे उतरले होते. डोनह्यू आता अमेरिकन मोटर्सची जॅव्हेलिन चालवत होता आणि ११ पैकी ३ रेस त्याने घेतल्या. पण बड मूरने तयार केलेल्या मस्टँगनी ६ जिंकल्या, त्यांतल्या ५ एकट्या पार्नेली जोन्सने. अजिंक्यपद फोर्डला मिळालं आणि लगेच फोर्डने रेसिंगमधून माघार घेतली. पुढचं सगळं भराभर घडलं. प्रदूषणाचे कायदे, तरुण चालकांना न परवडणारे विम्याचे हप्ते आणि १९७३ची तेलटंचाई यांनी मसल कारचा काळ संपवला.

रेसच्या गाड्यांचं काय झालं? हंगाम संपला की त्या जुन्या आणि निरुपयोगी. त्या विकल्या गेल्या, नव्या रंगाखाली स्थानिक रेसमध्ये राबल्या, इंजिनं बदलली गेली, कित्येक कोठारांत पडून राहिल्या. त्यांना पुन्हा मोल आलं ते स्टीव्ह अर्लने १९७४ साली लागुना सेकाला ऐतिहासिक गाड्यांच्या रेस सुरू केल्यानंतरच्या काळात. मग शोध सुरू झाला: ही चेसिस खरंच त्या संघाची होती का? जुने फोटो, वेल्डिंगच्या खुणा, बुजवलेली भोकं, सगळं तपासलं जातं. साध्या झेड२८च्या मालकालाही हे चुकलेलं नाही, कारण १९६७-६८च्या कॅमारोच्या चेसिस नंबरात झेड२८चा उल्लेखच नसतो. साध्या गाडीला बिल्ले लावून ती खपवणं त्यामुळे सोपं. कारखान्याची मूळ कागदपत्रं असली तर किंमत कुठल्या कुठे जाते.

एवढी मोलाची गाडी ट्रॅकवर उतरवायची, तर शिस्त हवीच. अमेरिकेतल्या अनेक संस्था 'तेरा-तेरा' नियम पाळतात: स्वतःच्या चुकीने धडक झाली तर चालकावर १३ महिने नजर, त्या काळात पुन्हा चूक केली तर १३ महिने बंदी. तरीही पत्रा चेपतोच. मालक तो ठोकून सरळ करतात आणि पुढच्या वर्षी परत येतात.

१९७०ची पहिली ट्रान्स-अ‍ॅम रेस याच लागुना सेकावर झाली होती आणि जोन्सनेच जिंकली होती. आता तिथे आवाजाची मर्यादा आहे, म्हणून तेव्हा कधीच नसलेले सायलेन्सर लावून या गाड्या तीच वळणं घेतात.