गवताची गुंडाळी आणि चार बोटांचं गणित

कडब्याची गंज रचणाऱ्याची परीक्षा पहिल्या पावसात होते. उतार नीट धरला असेल, वरून शाकारणी झाली असेल, तर पाणी ओघळून जातं आणि आतला चारा पिवळाधमक राहतो. चुकलं तर गंज आतून काळी पडते. गवताची गोल गाठ बांधणाऱ्या राउंड बेलरचं मूळ याच दुखण्यात आहे. गुंडाळलेल्या गवताचे थर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि गाठ स्वतःच स्वतःला शाकारते.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या उमो ल्यूबेनने १९१० साली गोल बेलरचं पेटंट घेतलं. अ‍ॅलिस-चामर्स या ट्रॅक्टर कंपनीने १९४० मध्ये त्याचे हक्क विकत घेतले आणि १९४७ मध्ये ‘रोटो-बेलर’ बाजारात आणला. त्याच्या गाठी दीडेक फूट जाडीच्या, एका माणसाने उचलून गाडीत टाकाव्यात एवढ्या. पण यंत्राला एक खोड होती. गाठ भरली की तिच्यावर सुतळी गुंडाळेपर्यंत आत येणारं गवत थांबवावं लागे, म्हणजेच ट्रॅक्टर उभा करावा लागे. लहान गाठ भरायला वेळ तो कितीसा? चार पावलं चाल, थांब. पुन्हा चाल, पुन्हा थांब. शेजारच्या शेतात चौकोनी गाठींचा बेलर न थांबता सरसर पुढे जाई. १९६० पर्यंत रोटो-बेलरचं उत्पादन थांबलं. मधे काही वर्षं ते पुन्हा सुरू झालं, पण बाजार चौकोनी गाठींकडेच राहिला.

मग गोल गाठ परत कशी आली? ती मोठी होऊन आली.

आयोवा स्टेट विद्यापीठात शेती अभियांत्रिकी शिकवणारे वेस्ली ब्यूशेल आणि त्यांचे विद्यार्थी व्हर्जिल हॅव्हरडिंक यांनी १९६६ मध्ये मोठ्या गोल गाठीच्या बेलरवर काम सुरू केलं. त्याच राज्यातल्या पेला गावी गॅरी व्हर्मीर यांचा यंत्रांचा कारखाना होता. वाळलेलं गवत गोळा करायला माणसं मिळत नाहीत म्हणून त्यांचा एक मित्र गाईगुरं विकायला निघाला होता. एकट्या माणसाला सगळं काम उरकता यावं, एवढाच हेतू ठेवून व्हर्मीर यांनी १९७१ मध्ये ‘६०५’ हा बेलर तयार केला. गाठ ६ फूट व्यासाची, ५ फूट रुंद. मॉडेलचं नावही त्यावरूनच. वजन पाऊण टनाच्या आसपास. ही गाठ उचलायचा प्रश्नच नव्हता. ट्रॅक्टरने सुळा खुपसायचा आणि न्यायची, नाहीतर सरळ शेतातच ठेवायची.

शेतात ठेवणं परवडतं ते कसं, हे हिशेब करून बघण्यासारखं आहे. समजा, पावसाने गाठीची फक्त वरची चार बोटं, म्हणजे साधारण ३ इंच, सडली. १८ इंच व्यासाच्या लहान गाठीत त्या सालीतच निम्म्याहून जास्त, जवळपास ५६ टक्के गवत असतं. ७२ इंची गाठीत तेवढ्याच जाडीच्या सालीत जेमतेम १६ टक्के. पाऊस तोच आणि सड तेवढीच, पण नुकसान साडेतीन पटीने कमी. शिवाय मोठी गाठ भरायला वेळ लागतो, त्यामुळे सारखं थांबणंही आलं नाही. माझ्या मते रोटो-बेलर हरला तो कल्पनेत नव्हे, मापात.

गाठ बांधायच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत लांब पट्टे असतात. पहिला झुपका त्यांच्यामध्ये गरगर फिरू लागतो, आणि गाठ वाढेल तसे ताणलेले पट्टे मागे सरकत तिला दाबत राहतात. सतरंजी पहिल्या वळशापासून आवळून गुंडाळावी तशी ही गाठ गाभ्यापर्यंत घट्ट असते. दुसरी तऱ्हा युरोपात रुळली. तिच्यात फिरत्या रोलरांचा ठरावीक मापाचा कप्पा असतो. त्यात गवत आधी नुसतं घुसळत राहतं आणि कप्पा भरल्यावरच दाब येतो, त्यामुळे बाहेरून टणक आणि मधे भुसभुशीत अशी गाठ होते. हा दोषच आहे असं नाही, कारण किंचित ओलसर गवताला भुसभुशीत गाभ्यातून वारा लागतो. ओलं गवत घट्ट आवळलं तर मात्र आतले सूक्ष्मजीव उष्णता निर्माण करतात आणि गाठ धुमसून पेटूही शकते.

सुतळीचं काम पुढे प्लास्टिकच्या जाळीने हलकं केलं. सुतळीचे बरेच वळसे घालावे लागत, तिथे जाळीचे दोन-तीन पुरतात. आपल्याकडे उसाचं पाचट आणि भाताचा पेंढा गोळा करायला ट्रॅक्टरमागे दिसतात ते बहुतेक छोटे गोल बेलर. त्यांच्या गाठी आकाराने रोटो-बेलरच्या घरातल्याच, कारण आपल्या बांधांवरून आणि गोठ्याच्या दारातून पाऊण टन कोण नेणार?

गाठ बांधताना थांबायची खोड मात्र बहुतेक गोल बेलरना आजही आहे. जर्मनीच्या क्रोन कंपनीने ‘अल्टिमा’ बेलरमध्ये मुख्य कप्प्याच्या पुढे आणखी एक कप्पा बसवला. मागे जाळी गुंडाळली जात असताना पुढच्या कप्प्यात नवं गवत साठत राहतं आणि ट्रॅक्टर चालतच राहतो.