मोजलेले बिंदू, अंदाजाचे रंग

पाऊस, तापमान किंवा प्रदूषण मोजणारी केंद्रे विरळ असतात, नकाशा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगलेला दिसतो. मधल्या जागेतले रंग कुणी मोजलेले नसतात, गणिताने भरलेले असतात. याला अंतर्वेशन म्हणतात, आणि हा उद्योग संगणकापेक्षा बराच जुना आहे.

होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, याच्या नोंदी एडमंड हॅलीने अटलांटिकच्या सफरींत घेतल्या आणि १७०१ मध्ये सारखा ढळ असलेल्या जागा रेषांनी जोडून नकाशा छापला. १८१७ मध्ये हम्बोल्टने समताप रेषा आखल्या. रेषा हातानेच ओढायच्या, त्यामुळे त्या आखणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असत. १९११ मध्ये थीसनने मनमानीला जागाच ठेवली नाही: कुठल्याही ठिकाणाला सर्वांत जवळच्या पर्जन्यमापकाचा आकडा द्यायचा. पण मग एका मापकाची हद्द ओलांडून दुसऱ्याच्या हद्दीत गेले की पाऊस एकदम उडी मारतो.

ही उडी घालवणारी सोपी रीत डोनाल्ड शेपर्डने हार्वर्डमध्ये १९६८ साली मांडली. सगळ्या केंद्रांच्या आकड्यांची सरासरी काढायची, पण तीत प्रत्येक केंद्राचे वजन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात धरायचे. एक केंद्र १० किलोमीटरवर, तिथे २० अंश. दुसरे २० किलोमीटरवर, तिथे ४० अंश. वजने ४ आणि १, म्हणून उत्तर २४. तिथल्याच सायमॅप या प्रणालीत असे नकाशे लाइन प्रिंटरवर निघत. गडद छटा हवी असेल तर एका अक्षरावर दुसरे अक्षर छापायचे. या रीतीत अंदाज मोजलेल्या कमाल-किमान आकड्यांच्या बाहेर कधीच जात नाही. म्हणून उंचवटे नेमके केंद्रांवरच येतात आणि नकाशाभर बैलाच्या डोळ्यांसारखी वर्तुळे उमटतात. ती निसर्गातली नसतात, सूत्रातली असतात.

खरा मुद्दा त्याआधीच दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत निघाला होता. विटवॉटर्सरँडमध्ये भरपूर सोन्याचे म्हणून ठरवलेले खडकाचे भाग खोदल्यावर अपेक्षेपेक्षा कमी भरत, आणि कमी म्हणून ठरवलेले अपेक्षेपेक्षा बरे निघत. खाण अभियंते डॅनी क्रिग यांनी १९५१ च्या प्रबंधात याला संख्याशास्त्र लावले. पुढे फ्रान्समध्ये जॉर्ज मातेराँ यांनी त्यावर सिद्धान्त उभा केला आणि पद्धतीला क्रिग यांचेच नाव दिले. क्रिगिंगमध्ये वजने आधीच ठरवून टाकत नाहीत. अंतर वाढेल तसा आकड्यांमधला फरक किती वाढतो, हे मोजलेल्या आकड्यांतूनच काढतात. त्या आलेखाला व्हेरिओग्राम म्हणतात. शिवाय प्रत्येक अंदाजासोबत त्याच्या चुकीचा अंदाजही मिळतो. हवामानशास्त्रात लेव्ह गांदिन यांनी १९६३ मध्ये जवळपास हेच स्वतंत्रपणे मांडले.

आज आर या संगणकीय भाषेत एड्झर पेबेस्मा यांचे जीस्टॅट पॅकेज दोन्ही रीती चार-पाच ओळींत करून देते. (अक्षांश-रेखांश तसेच सपाट समजून कोंबले तर मात्र घोटाळा: ६० अंश अक्षांशावर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच्या अंशाच्या जेमतेम निम्मा भरतो.) जीस्टॅटच्या क्रिगिंगच्या उत्तरात दोन स्तंभ येतात, एक अंदाजाचा आणि दुसरा त्याच्या प्रसरणाचा, म्हणजे संभाव्य चुकीचा. रंगवला जातो तो बहुधा पहिलाच. दुसरा रंगवला, तर केंद्रांभोवती फिके ठिपके आणि त्यांच्यापासून दूर, विशेषतः नकाशाच्या कडांना, गडद पट्टे दिसतात.