केळीच्या पाचोळ्याखालचे पेनिसिलिन

रावेर-यावलकडे घड उतरल्यावर केळीचे खोड बऱ्याचदा बागेतच कापून टाकतात. तो कुजका थर उचलला की खालून मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे पांढुरके जीव टणाटण उडतात. हे स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेला काटा सुटला की उडी. खाणे म्हणजे बुरशी, जिवाणू, कुजका पाला.

प्राण्यांकडे जंतुनाशक रेणू असतात हे जुनेच आहे. अश्रूंतले लायसोझाइम 1922 मध्ये सापडले, पतंगाचे आणि बेडकाचे पेप्टाइड 1980 च्या दशकात. पेनिसिलिन मात्र बुरशी आणि जिवाणूंचीच मिरास मानली जाई. 2013 मध्ये फोल्सोमिया कॅन्डिडा या स्प्रिंगटेलच्या जीनोममध्ये पेनिसिलिन घडवणाऱ्या विकराचे, आयसोपेनिसिलिन एन सिंथेजचे, चालू जनुक असल्याचे प्रसिद्ध झाले.

अशा वेळी पहिली शंका भेसळीची. एवढासा जीव, डीएनए काढायचा तर अख्खाच वाटावा लागतो. पोटातल्या जिवाणूंचे जनुक त्याच्या खात्यावर जमा झाले नसेल कशावरून? शंका रास्त होती. तिला खरे उत्तर 2017 मध्ये मिळाले. हे जनुक स्प्रिंगटेलच्याच डीएनएच्या सुमारे 7.6 लाख अक्षरांच्या सलग तुकड्यावर निघाले आणि शेजारी याच कामाची आणखी तीन: एक पूर्वपदार्थ जुळवणारे, दोन सेफामायसिन या पेनिसिलिनच्या नात्यातल्या प्रतिजैविकाच्या वाटेवरची. प्राण्याला उष्णतेचा धक्का दिला की ती जागी होतात, आणि अंगात बीटा-लॅक्टम गटाचे, म्हणजे पेनिसिलिनच्याच गटाचे, रसायनही सापडले. यानंतर भेसळीचा मुद्दा रेटण्यात अर्थ उरला नाही. मात्र रसायन सापडणे वेगळे आणि त्याने मातीतला अमुक जंतू मरतो हे दाखवणे वेगळे.

उष्णतेचा धक्का म्हटल्यावर आपल्याकडे जळगावचा मे महिना डोळ्यांपुढे येतो. पण स्प्रिंगटेल उन्हात थांबतात कुठे! माती सुकू लागली की ओल शोधत खाली जातात.

ही जनुके आली कुठून, यावर संशोधकांचा कल एकाच उसनवारीकडे आहे: फार पूर्वी, बहुधा एखाद्या जिवाणूकडून. स्प्रिंगटेलच्या 60 टक्क्यांहून अधिक कुळांत यातली काही ना काही जनुके आहेत. जवळच्या नातलग प्राण्यांत एकही नाही. मातीच्या आत राहणाऱ्यांनी ती जपली, पुढे फुटलेल्या काही शाखांनी गमावली. जंतूंची गर्दी मातीतच, त्यामुळे हे पटते.

त्याच मातीवर माणसानेही प्रतिजैविके ओतली. कपाशीवरच्या कोनाकृती ठिपक्यांच्या जिवाणूजन्य रोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनच्या मिश्रणाची पुडी कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत फवारणे खानदेशात सर्रास होते. ती औषधे वेगळ्या गटातली, पण मारा जिवाणूंवरच. शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा केंद्राचा मसुदा निघाला डिसेंबर 2021 मध्ये.