पूलचा पंप बदलायच्या आधी झाकण उघडा

"स्विमिंग पूलचा पंप पाणी ओढत नाही? मोटर कमी पडतेय, एकची काढून दोन एचपीची बसवा." लोणावळा-अलिबागकडच्या बंगल्यांत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. बहुतेक वेळा तो फुकटचा खर्च ठरतो.

मुळात पंप पाणी ओढतच नाही. तो आतला दाब कमी करतो आणि पूलवरच्या हवेचा दाब पाण्याला पाइपात ढकलतो. वाटेत कुठे फट असली की पाण्याबरोबर हवाही घुसते. मोठी मोटर दाब आणखी खाली नेते, म्हणजे त्याच फटीतून जास्त हवा! वर वीजबिल वेगळंच.

"पण गळती असती तर पाणी टपकलं असतं ना?" नाही. पूलकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपात पंप चालू असताना पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी ठणठणीत, आणि पंपातल्या, कचरा अडवणाऱ्या बास्केटच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे नाचताहेत.

पहिला संशय त्याच झाकणाच्या ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कडीवर, घ्या. पंप बंद करून तिच्यावरून बोट फिरवा. वाळूचा एक कण किंवा बारीकशी चीर पुरते. सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात. मग पंप चालू करून सांध्यांवर दाढीचा फेस लावा. जिथे तो आत खेचला जाईल, तिथे फट. आमच्याकडे ती ड्रेन प्लगला, म्हणजे पंपातलं पाणी काढायच्या बुचाला, निघाली.

आणि हो, पाण्याची पातळी स्किमरच्या (पूलच्या भिंतीतल्या, वरचं पाणी घेणाऱ्या खाचेच्या) तोंडाखाली गेली असेल, तर पंप भोवऱ्यातून हवाच पितोय. आधी पूल भरा.