टोपी डोक्यावर राहिली पाहिजे: प्रवासाची टोपी घेण्याआधी

जुलैतला एखादा रविवार घ्या. पुण्यात नुसती भुरभुर. ताम्हिणीत समोरची गाडी दिसू नये इतकं धुकं आणि धोधो पाऊस. माणगावात उतरावं तर ऊन पडलेलं, अंगाला चिकट घाम. अशा प्रवासासाठी टोपी घ्यायला आलेले बहुतेक जण आम्हाला आधी विचारतात, "वॉटरप्रूफ आहे का?" आमचा आग्रह असा, की आधी विचारा, "वाऱ्यात टिकेल का?" आणि मग विचारा, "किती वेळात वाळेल?"

वारा
पावसाळ्यात नाणेघाटात धबधब्याचं पाणी खाली पडायचं सोडून वर उडतं, ते पाहिलं असेल तुम्ही. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून वर चढतो. तोच वारा टोपीच्या कडेखाली शिरतो आणि कड जितकी रुंद तितकी टोपी लवकर उडते. म्हणून रुंद कडेच्या टोपीला हनुवटीखालची दोरी हवीच. आमच्या सुरुवातीच्या टोप्यांना ही दोरी आतल्या अस्तराला टाचलेली असायची. त्यातल्या काही उसवून परत आल्या, तेव्हा चूक कळली. आता दोरी कपाळपट्टीतून आरपार नेतो आणि दोन्ही बाजूंनी उलटसुलट टीप मारतो. टोपी कुठल्याही दुकानातून घ्या, दोरीला एक जोराचा हिसका देऊन बघा. दुचाकीवर मात्र हेल्मेटच घाला आणि टोपी पिशवीत ठेवा. गळ्यातल्या दोरीवर पाठीशी लोंबकळत ठेवलेली टोपी वाऱ्याने मागे ओढली गेली, की दोरी गळ्याला काचते.

पाऊस
कोकणात भातलावणीला वाकलेल्या बाईच्या डोक्यावर इरलं असायचं. बांबूच्या सांगाड्यावर पानं बसवलेलं, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं. दोन्ही हात मोकळे, पाणी मागच्या मागे ओघळून जातं. आमच्या पावसाळी टोपीची कड पुढे ६ सेंटिमीटर आणि मागे ९ आहे, ती कल्पना इरल्यावरूनच घेतली. पाणी मानेवरून शर्टात उतरत नाही, एवढं काम ती चोख करते. मुसळधार पावसात तासभर चालायचं असेल तर रेनकोटची टोपी वरून ओढून घ्या. खाली आमची टोपी असली, की रेनकोटची टोपी डोळ्यांवर घसरत नाही आणि चष्म्यावर थेंबही कमी पडतात.

कापड
सुती टोपी उन्हात फार सुखाची, पण भिजली की जड होते आणि दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओलीच राहते. पावसाळी प्रवासाला पातळ नायलॉन घ्या. घट्ट पिळायचं, झटकायचं, घालायचं. लेह-लडाखला जाणाऱ्यांनी दोन टोप्या न्याव्यात. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे हवा गार असली तरी कान आणि मान भाजून निघतात. दिवसा रुंद कडेची टोपी वापरा. सूर्य कलला की लोकरीची कानटोपी घाला, ती किंचित दमट झाली तरी ऊब देते.

ऊन
क्रिकेटची टोपी छान दिसते, पण कान आणि मान उघडी टाकते. उन्हासाठी चारी बाजूंनी साडेसात सेंटिमीटर कड हवी. वरचा रंग फिका असू द्या, कडेची खालची बाजू मात्र गडदच निवडा. खालून पांढरी असली, की वाळूवरची आणि पाण्यावरची चमक तिथून उलटून डोळ्यांत येते. गोव्याला किंवा तारकर्लीला निघालेल्यांनी एवढं नक्की पाहावं.

माप आणि रूप
शिवणाची टेप भुवयांच्या वर बोटभर आणि कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून फिरवा. टेपखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. मोठ्यांचं माप बहुधा ५४ ते ६२ सेंटिमीटरमध्ये येतं. अंबाडा किंवा पोनीटेल घालत असाल तर तशाच केसांनी माप घ्या. मागे फट असलेली टोपीही आमच्याकडे मिळते. चेहरा गोल असेल तर माथा थोडा उंच घ्या, लांबट असेल तर बसका. पाहायचं ते पूर्ण उंचीच्या आरशात. छोट्या आरशात छान दिसलेली रुंद कड बुटक्या माणसाला झाकून टाकते.

धुणं
मशीनमध्ये टाकू नका. कोमट पाण्यात साबण कालवा, घामाचा डाग कपाळपट्टीवर असतो तिथे मऊ ब्रश फिरवा. मग डोक्याच्या मापाचं पातेलं पालथं घालून त्यावर सावलीत वाळवा, आकार जसाच्या तसा राहतो. बॅगेत नेताना माथ्यात मोजे भरा.

दुकानात स्टँडचा पंखा आहे. टोपी आवडली, की तो फुल स्पीडवर लावून त्याच्यासमोर उभे राहा, मान डावीकडे-उजवीकडे फिरवा, खाली वाका. पडली, तर ती घेऊ नका, आम्ही दुसरी काढून देतो. आमच्याकडच्या टोपीची दोरी कधीही उसवली तरी आणून द्या, शिवून देण्याचे पैसे घेत नाही.