हुशार मूल कुठल्या चाळणीत अडकतं?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात, आणि शाळा मात्र मराठी. अशा घरातलं कमी बोलणारं मूल 'प्रज्ञावान' म्हणून पुढे येणं अवघड असतं. कारण बहुतेक ठिकाणी आधी शिक्षक नावं सुचवतात आणि मग फक्त त्याच मुलांची चाचणी होते. शिक्षकांच्या नजरेत भरते ती नेटकी वही, चटकन दिलेलं उत्तर. ज्याचं नाव सुचलंच नाही, त्याचं पुढे काहीच तपासलं जात नाही.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीने २००५च्या सुमारास दुसरीच्या सगळ्याच मुलांची चाळणी चाचणी सुरू केली. पात्रतेचा निकष तोच, तरी गरीब घरांतली आणि घरी इंग्रजी न बोलणारी कितीतरी जास्त मुलं निवडली गेली.

शिष्यवृत्तीची गुणवत्ता यादी याला पर्याय नाही. तिथे ३०० पैकी बुद्धिमत्ता चाचणीला १०० गुण, बाकी भाषा आणि गणित. म्हणजे शिकवणी आणि सराव यांचाच भाग मोठा.

पहिल्या फेरीला रेव्हनसारखी शब्दविरहित चाचणी बरी. तिच्या प्रमाणित आवृत्तीत १२-१२ प्रश्नांचे पाच संच, एकूण ६० आकृत्या. प्रत्येकीतला गाळलेला तुकडा ६ किंवा ८ पर्यायांतून शोधायचा. सूचना मुलाच्या घरच्या भाषेत द्याव्यात आणि दोन नमुने सगळ्यांकडून सोडवून घ्यावेत. पर्यवेक्षकाने रांगांतून फिरत राहावं: उत्तरपत्रिकेत एक ओळ चुकली की पुढची सगळी उत्तरं सरकतात, आणि हुशार मूल निकालात 'ढ' ठरतं! गुण इयत्तेच्या नव्हे, वयाच्या तक्त्यावर पाहायचे. एकाच वर्गात वर्षभराने लहान मूलही असू शकतं.

बुद्ध्यंकाची सरासरी १००, प्रमाण विचलन (म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५. १३०च्या वर साधारण दोन टक्के मुलं. पण मोजमापात काही गुणांची चूक असतेच, त्यामुळे १२८ आणि १३२ यांत भेद करणं हा निव्वळ हट्ट. पहिली चाळणी सैल हवी: ५०० मुलांतून वरची ५० घ्यावीत. त्यांत शिक्षकांनी सुचवलेली मिळवावीत. शिक्षकांच्या मतावर कुणाला वगळू मात्र नये. मग मानसतज्ज्ञाकडून एकेकाची चाचणी, शिवाय काही आठवडे चालणारं एखादं काम, ज्यात कल्पकता आणि चिकाटी दिसते.

दोन तुकड्यांना एकच पुस्तिका द्यायची तर मधली सुट्टी मध्ये येऊ देऊ नये. उत्तरं डब्याबरोबर वाटली जातात.